एक लाख चाळीस हजारांची रांग

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या एका लांबट फाट्याच्या टोकाला ग्रीन बे नावाचं शहर आहे. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १,०७,३९५. आपलं वर्धा शहर २०११ मध्ये साधारण एवढंच होतं. या शहराचा अमेरिकन फुटबॉलचा एक व्यावसायिक संघ आहे, ग्रीन बे पॅकर्स. त्याचं सीझन तिकीट, म्हणजे हंगामातल्या घरच्या सगळ्या सामन्यांची जागा, मिळावी म्हणून नाव नोंदवून थांबलेल्या लोकांची यादी १ लाख ४० हजारांच्या पुढे गेली आहे. शहरात जेवढी माणसं राहतात त्यापेक्षा जास्त नावं त्या यादीत आहेत.

यादी पुढे सरकायची तर आधी कुणी तरी तिकीट सोडायला हवं, आणि ते कुणी सोडत नाही. १९६० पासून पॅकर्सची सीझन तिकिटं दरवर्षी संपतात. तिकीटधारक वारला तर जागा नवऱ्याकडे, बायकोकडे, मुलांकडे, भावंडांकडे जाते. मृत्युपत्रात घरादाराबरोबर या जागेचाही उल्लेख होतो. समजा, अगदी सढळ हाताने धरू की दरवर्षी हजार नावं पुढे सरकतात. तरी आज नाव घालणाऱ्याचा नंबर १४० वर्षांनी लागेल. हे ठाऊक असूनही तिथले आईबाप बाळ जन्मलं की त्याचं नाव यादीत घालतात. आणि एवढं सगळं कशासाठी, तर हंगामात घरी होणाऱ्या आठ-नऊ साखळी सामन्यांसाठी.

त्यांचं मैदान लॅम्बो फील्ड. बसायची सोय ८१,४४१ जणांची, म्हणजे गावातल्या दर चार माणसांपैकी तीन एकाच वेळी आत मावतील. हेच प्रमाण मुंबईला लावून बघा. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. त्या हिशेबाने मुंबईला सुमारे ९४ लाख आसनांचं स्टेडियम लागेल. वानखेडेसारखी २८० हून अधिक मैदानं शेजारी शेजारी मांडली तर कुठे हा आकडा गाठता येईल. न्यूयॉर्क शहर ग्रीन बेच्या ८२ पट मोठं आहे. त्याच्या नावाने खेळणारे दोन संघ मिळून एकच मैदान वापरतात, तेही शेजारच्या न्यू जर्सीत, आणि त्यात लॅम्बोपेक्षा जेमतेम हजारभर जागा जास्त आहेत.

एवढ्याशा गावात हा संघ आला कसा, यापेक्षा तो टिकला कसा, हा प्रश्न मला मोठा वाटतो. १९१९ मध्ये असे संघ गावोगावी होते. कर्ली लॅम्बो नावाचा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत, म्हणजे मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्या संघाला गणवेश आणि सामान घ्यायला कंपनीने ५०० डॉलर दिले आणि संघाचं नाव पडलं पॅकर्स. दोन वर्षांत संघ राष्ट्रीय लीगमध्ये दाखल झाला. त्या सुरुवातीच्या काळात लीगमध्ये लहान गावांचे पुष्कळ संघ होते. एकेक करून ते बुडाले, विकले गेले किंवा मोठ्या शहरात गेले. आज लीगच्या ३२ संघांमध्ये लहान गावाचा म्हणावा असा हा एकच उरला आहे.

१९२३ मध्ये पॅकर्सही बुडायच्या बेतात होते. गावातल्या काही जाणत्यांनी संघाची ना-नफा तत्त्वावरची संस्था केली आणि ५ डॉलरला एक असे १,००० शेअर विकायला काढले. शेअर घेणाऱ्याने सहा सीझन तिकिटंही घ्यायची, अशी अट होती. उभे राहिले ५,००० डॉलर. १९३१ मध्ये एक प्रेक्षक गॅलरीतून खाली पडला. त्याने दावा लावला, तो जिंकलाही, आणि विमा कंपनी नेमकी त्याच काळात बुडाली. संघ न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेला. १९३५ मध्ये गावाने पुन्हा वर्गणी काढावी तसे शेअर घेतले आणि सुमारे १५,००० डॉलर जमवले. १९५० मध्ये तिसरी खेप, २५ डॉलरला एक शेअर, जमले १ लाखाहून जास्त. हा सगळा पैसा दुकानदार, कारकून, कारखान्यातले कामगार यांच्या खिशातला.

पुढच्या तीन खेपांचे आकडे बघितले की माणूस थबकतो. १९९७-९८ मध्ये २०० डॉलरला एक या भावाने १,२०,०१० शेअर गेले. २०११-१२ मध्ये भाव २५० डॉलर, आणि जमले सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलर. २०२१-२२ मध्ये भाव ३०० डॉलर, तरी दोन लाखांच्या आसपास शेअर खपले. आज संघाचे भागधारक आहेत ५ लाख ३८ हजारांहून अधिक, म्हणजे गावातल्या दर माणसामागे पाच मालक.

या मालकांना मिळतं काय? आपल्याकडे सहकारी साखर कारखान्याचा सभासद असलेल्या शेतकऱ्याचा ऊस निदान गाळपाला जातो, दिवाळीला कार्डावर सवलतीची साखर मिळते. पॅकर्सच्या भागधारकाला तेवढंही नाही. लाभांश नाही. शेअरचा भाव वाढत नाही, कारण तो बाजारात विकताच येत नाही. फार तर घरातल्या माणसाच्या नावावर करता येतो. तिकिटाच्या यादीत नंबर वर सरकत नाही. हाती येतं ते एक प्रमाणपत्र, संचालक मंडळाच्या निवडीत मत, आणि जुलैमध्ये लॅम्बो फील्डवर होणाऱ्या वार्षिक सभेचं निमंत्रण. ही सगळी माहिती शेअर विकताना लेखी दिलेली असते, यात गुंतवणूक म्हणून पैसे घालू नका असं संघ स्वतः बजावतो. आणि तरी लोक पैसे घालतात. प्रमाणपत्र चौकट करून बैठकीच्या खोलीत लावतात.

इथवर वाचून कुणी म्हणेल, वेडे चाहते आहेत, झालं. मला हे उत्तर पटत नाही. जगात वेड्या चाहत्यांना तोटा नाही. ग्रीन बेमध्ये वेगळी आहे ती संघाची घटना. एका माणसाला २ लाखांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत. एकूण शेअर ५० लाखांच्या वर आहेत, तेव्हा कितीही श्रीमंत माणूस आला तरी त्याच्या हाती चार टक्केही लागत नाहीत. संचालक मंडळ मानद आहे. त्यात पगार घेतो तो फक्त अध्यक्ष. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम १९२३ चं आहे: संघ कधी विकला किंवा बंद झाला, तर देणी भागवून उरलेला पैसा माजी सैनिकांच्या स्थानिक शाखेला जाईल आणि त्यातून सैनिकांचं स्मारक बांधलं जाईल. १९९७ मध्ये स्मारकाऐवजी धर्मादाय निधीचं नाव घातलं गेलं, पण अर्थ तोच राहिला. संघ विकून एकाही माणसाला एक छदामही मिळणार नाही. फोर्ब्स मासिकाच्या अंदाजाप्रमाणे आज या संघाची किंमत ५ अब्ज डॉलरच्या वर आहे. रुपयांत ४० हजार कोटींहून जास्त. ती किंमत वसूल करण्याची वाटच शंभर वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बंद करून टाकली. संघ गाव सोडून जाऊ शकत नाही, म्हणून लोक संघाला सोडत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

हे मत तपासायचं तर जिथून संघ निघून गेले त्या गावांकडे बघायला हवं.

बाल्टिमोरचा संघ कोल्ट्स. मालक रॉबर्ट इरसे आणि प्रशासन यांच्यात नव्या स्टेडियमवरून वाद चालला होता. राज्याचं विधिमंडळ संघ ताब्यात घेण्याचा कायदा करायला निघालं. २८ मार्च १९८४ च्या रात्री सामानवाहतूक कंपनीचे १५ ट्रक संघाच्या सरावकेंद्रावर आले. हेल्मेटं, टेबलं, कागदपत्रं सगळं भरलं गेलं आणि पहाटेच्या आत संघ हजारभर किलोमीटरवरच्या इंडियानापोलिसच्या वाटेला लागला. बाल्टिमोरचे लोक सकाळी उठले तेव्हा गावाला संघ नव्हता.

संघ गेला, पण त्याचा बँड राहिला. १९४७ पासून सामन्यांच्या वेळी वाजवणारी ही हौशी वादकांची पलटण. त्या रात्री वादकांचे गणवेश धुलाईला गेलेले होते, म्हणून ते ट्रकमध्ये चढले नाहीत. वादकांनी ते परस्पर मिळवले आणि कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून काही काळ एका दफनभूमीतल्या समाधिघरात लपवून ठेवले. पुढची बारा वर्षं ही पलटण संघाशिवाय वाजवत राहिली. संचलनात, परगावच्या सामन्यांत, आम्हाला नवा संघ द्या म्हणत. १९९६ मध्ये बाल्टिमोरला संघ मिळाला तेव्हा बँड तयारच होता. चाहत्यांची निष्ठा संघाच्या मालकीची नसते, ती लोकांची असते, याचा याहून धडधडीत पुरावा मला माहीत नाही.

बाल्टिमोरला संघ मिळाला तो क्लीव्हलँडकडून हिरावून, ही या गोष्टीतली दुखरी बाजू. ६ नोव्हेंबर १९९५ ला मालक आर्ट मोडेल यांनी ब्राउन्स संघ हलवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलँडमध्ये मतदान होतं, विषय होता जुन्या स्टेडियमच्या डागडुजीसाठी कर. लोकांनी तो प्रचंड बहुमताने मंजूर केला. संघ जातोय हे कळल्यावर चोवीस तासांच्या आत लोकांनी स्वतःवर कर बसवून घेतला, आणि संघ तरीही गेला. १७ डिसेंबरच्या शेवटच्या घरच्या सामन्यात प्रेक्षकांनी बाकं उखडून मैदानात टाकली. पुढे शहराने लढून संघाचं नाव, रंग आणि इतिहास आपल्याकडे राखला आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. मधली तीन वर्षं क्लीव्हलँडचे रविवार सुने गेले.

ग्रीन बेच्या निष्ठेचं दुसरं सोपं उत्तर म्हणजे, पॅकर्स जिंकतात म्हणून लोक येतात. जिंकले आहेत खरेच: १३ वेळा लीगचं अजिंक्यपद, दुसऱ्या कुठल्याही संघापेक्षा जास्त. विन्स लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून १९५९ मध्ये आले तेव्हा संघाने आदल्या हंगामात १२ पैकी एकच सामना जिंकला होता. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत त्यांनी पाच अजिंक्यपदं मिळवून दिली. पण लोम्बार्डी गेल्यानंतरचा हिशेब बघा. १९६८ ते १९९१ अशा २४ हंगामांत पॅकर्स बाद फेरीत पोचले दोनदा. जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त, असे हंगाम फक्त पाच. जवळजवळ पाव शतक! त्या काळात जन्मलेलं मूल पदवीधर होऊन नोकरीला लागलं, तोवर त्याने आपल्या संघाचं बरं म्हणावं असं फारसं काही बघितलं नसेल. आणि त्या सगळ्या वर्षांत तिकिटं संपलेली, यादी वाढती.

हवामानही लोकांना अडवत नाही. ३१ डिसेंबर १९६७ ला डॅलस काउबॉइजविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला तेव्हा तापमान शून्याखाली २५ अंश सेल्सिअस होतं. मैदानाखाली घातलेली विजेची ऊबयंत्रणा कामी आली नाही आणि जमीन दगडासारखी गोठली. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटायला लागल्या, तेव्हा त्यांनी शिट्टी सोडून ओरडून खेळ चालवला. त्या थंडीत उघड्या बाकांवर ५०,८६१ लोक बसून होते. अखेरचे काही सेकंद उरलेले असताना बार्ट स्टार चेंडू घेऊन स्वतःच रेषेपार घुसला आणि पॅकर्सनी २१-१७ ने सामना घेतला. आजही जोराचा बर्फ पडला की संघ आवाहन करतो आणि शेकडो गावकरी फावडी घेऊन मैदान मोकळं करायला येतात. तासावर मजुरी मिळते, पण त्यासाठी पहाटेच्या अंधारात रांग लागत नसते.

या निष्ठेला सुरुवात कुठे होते ते बघायचं तर उन्हाळ्यातल्या सराव शिबिराला जावं. खेळाडूंची कपडे बदलायची जागा स्टेडियममध्ये, सरावाचं मैदान रस्त्यापलीकडे. लोम्बार्डींच्या काळापासून एक प्रथा चालत आली आहे. गावातली पोरं आपापल्या सायकली घेऊन दारात उभी राहतात आणि खेळाडू त्या सायकलींवरून मैदानावर जातात. आठ-नऊ वर्षांच्या पोरीची गुलाबी सायकल, हँडलच्या दोरीच्या झिरमिळ्या लोंबताहेत, आणि तिच्यावर गुडघे हनुवटीपर्यंत आलेला सव्वाशे किलोचा गडी. शेजारून ती पोरगी त्याचं हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून पळतेय. करोडोंचा करार असलेला खेळाडू आणि चौथीतली मुलगी पाच मिनिटं बोलत जातात. तिच्या आईनेही एके काळी अशीच सायकल दिलेली असू शकते. कोट्यवधींच्या जाहिरातीतून हे साधत नाही.

पण प्रेमावर आणि शेअरांवर संघ चालत नाही, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. १९२३ पासून आजवरच्या शेअरविक्रीची सगळी बेरीज १५ कोटी डॉलरच्या आसपास होते. आजच्या खेळाडूंच्या पगारापुढे ती एका वर्षालाही पुरायची नाही. ग्रीन बेला तारलं ते टीव्हीच्या पैशाच्या समान वाटपाने. १९६१ मध्ये लीगचे आयुक्त पीट रोझेल यांनी सगळ्या संघांचे प्रक्षेपणहक्क एकत्र विकून पैसा सारखा वाटायचा आग्रह धरला. सर्वांत मोठी बाजारपेठ हातात असलेले न्यूयॉर्क जायंट्सचे मालक मारा बंधू त्याला तयार झाले आणि अमेरिकी संसदेने त्यासाठी कायदा केला. त्या एका निर्णयाचा आजचा आकार बघा. २०२१ मध्ये झालेले लीगचे करार ११ वर्षांसाठी सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत, वर्षाला १० अब्ज. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले तेव्हा आपले डोळे पांढरे झाले होते. वर्षाच्या हिशेबाने हा अमेरिकी आकडा त्याच्या आठपट आहे. जुलै २०२५ मध्ये पॅकर्सनी जाहीर केलेल्या हिशेबात लीगकडून आलेला वाटा होता ४३ कोटी २६ लाख डॉलर. एवढाच वाटा न्यूयॉर्कच्या प्रत्येक संघालाही मिळाला. ८८ लाखांच्या शहराच्या संघाला आणि १ लाखाच्या गावाच्या संघाला सारखी रक्कम. मारा बंधूंनी तेव्हा नकार दिला असता तर आज ग्रीन बेमध्ये फक्त आठवणी उरल्या असत्या, असं मला वाटतं.

लोकांच्या हाती संघ असला की काय होतं, याचा आणखी एक नमुना बर्लिनमध्ये आहे. पूर्व बर्लिनचा युनियन हा फुटबॉल क्लब २००४ मध्ये पैशाअभावी बुडत होता, तेव्हा चाहत्यांनी रक्तदान करून मिळालेले पैसे क्लबला दिले. २००८-०९ मध्ये जुनं स्टेडियम पडायला आलं, तर दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः सिमेंट कालवलं, पायऱ्या बांधल्या. कामाचे तास भरले १,४०,०००. एकट्या माणसाने रोज आठ तास काम केलं असतं तर ४८ वर्षं लागली असती. २०१९ मध्ये हा क्लब पहिल्यांदा जर्मनीच्या अव्वल साखळीत खेळला. त्या पहिल्या सामन्याला लोक आपल्या दिवंगत वडिलांचे, आजोबांचे, मित्रांचे मोठे फोटो हातात धरून आले, चारशेहून अधिक. जन्मभर वाट बघून जे गेले त्यांनाही हा दिवस दिसावा म्हणून. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे मतांचं बहुमत राहिलं पाहिजे असा नियमच आहे.

ग्रीन बेचं सगळंच गोड नाही. २००० मध्ये लॅम्बो फील्डच्या २९ कोटी ५० लाख डॉलरच्या नूतनीकरणासाठी त्या काउंटीत अर्धा टक्का विक्रीकर लावायचा की नाही, यावर मतदान झालं. बाजूने पडली ५३ टक्के मतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांना तो भार नको होता आणि तरी पंधरा वर्षं, २०१५ पर्यंत, प्रत्येकाने तो भरला. त्यात सामना कधीच बघायला न मिळालेलेही होते, यादीत तिष्ठत असलेलेही. लोकांच्या प्रेमावर उभा असलेला संघ त्या प्रेमाची वसुलीही करतो. एप्रिल २०२५ मध्ये लीगचा खेळाडू-निवडीचा सोहळा इथे भरला आणि तीन दिवसांत ६ लाखांची हजेरी लागली. दुकानं-हॉटेलांचा धंदा जोरात झाला हे खरं, पण लाखाच्या गावात सहा लाखांचा बंदोबस्त आणि सफाई करायची म्हणजे काय, ते आषाढीला पंढरपूरकरांना विचारावं.

एवढी यशस्वी रचना बाकीच्यांनी का उचलली नाही? कारण लीगच्या नियमांत तिला मनाई आहे. दर संघाला एक मुख्य मालक हवा आणि त्याच्या घराण्याकडे निदान ३० टक्के हिस्सा हवा, अशी अट आहे. पॅकर्स नियमापेक्षा जुने म्हणून त्यांना सूट. ऑगस्ट २०२४ मध्ये तर लीगने खासगी गुंतवणूक निधींना संघांमध्ये १० टक्क्यांपर्यंत हिस्सा घेण्याची मुभा दिली. पॅकर्सना त्याचा काही उपयोग नाही, कारण त्यांच्याकडे हिस्सा विकणारा मालकच नाही. त्यांनी त्याऐवजी गंगाजळी साठवली आहे, ५० कोटी डॉलरहून अधिक. वाईट वर्षं आली तर खिशात हात घालणारा धनाढ्य मालक पाठीशी नाही, म्हणून. दर जुलैमध्ये या गंगाजळीसकट जमाखर्च भागधारकांपुढे मांडला जातो आणि वर्तमानपत्रांत छापून येतो. लीगमधला दुसरा एकही संघ आपली वही अशी उघडत नाही.